चिचुंद्रीची करडी माशी

नदीकाठी एक चिचुंद्री राहायची. अंग एवढंसं, नाक मात्र हे एवढं.

तिची एक खोटी माशी होती. गळावर पीस ठेवायचं, दोऱ्याने बांधायचं, झाली माशी. मासा फसायचा. एक दिवस मोठ्ठा मासा आला. त्याने हिसका दिला, फटाक. पीस गेलं वाहून. गळ राहिला, दोरा राहिला.

पलीकडे बसला होता खेकडा. त्याची माशी लाल लाल, झुबकेदार. चिचुंद्रीच्या पोटात दुखलं, गुडगुड गुडगुड. त्याला आहे, मला नाही.

लुटुलुटु लुटुलुटु ती गेली कोंबडीकडे.

"कोंबडीताई, कोंबडीताई, पीस दे. पीस मिळालं तर माशी बांधीन. माशी बांधली तर मासा धरीन."

कोंबडी म्हणाली, "माझं पीस लाल नाही, करडं आहे. पण मऊ आहे, पाण्यात वळवळतं. ते बदक बघ, दाणे खाऊन टुम्म. मला दाणे आण, मग पीस."

लुटुलुटु लुटुलुटु ती गेली उंदराकडे.

"उंदीरमामा, उंदीरमामा, दाणे दे. दाणे मिळाले तर कोंबडी पीस देईल. पीस मिळालं तर माशी बांधीन. माशी बांधली तर मासा धरीन."

"त्या खारीचं घर बघ, मऊ मऊ. माझं टोचतं. मला कापूस आण, मग दाणे."

लुटुलुटु लुटुलुटु ती गेली सावरीच्या झाडाकडे.

"सावरबाई, सावरबाई, कापूस दे. कापूस मिळाला तर उंदीर दाणे देईल. दाणे मिळाले तर कोंबडी पीस देईल. पीस मिळालं तर माशी बांधीन. माशी बांधली तर मासा धरीन."

"त्या आंब्यावर बघ, पाखरं गातात. माझ्याकडे कोणी फिरकत नाही. मला गाणं आण, मग कापूस."

लुटुलुटु लुटुलुटु ती गेली बुलबुलाकडे.

"बुलबुलदादा, बुलबुलदादा, गाणं म्हण. गाणं झालं तर सावर कापूस देईल. कापूस मिळाला तर उंदीर दाणे देईल. दाणे मिळाले तर कोंबडी पीस देईल. पीस मिळालं तर माशी बांधीन. माशी बांधली तर मासा धरीन."

"सगळे त्या मोराला वा म्हणतात. मला तू एकदा वा म्हण, मग गातो."

आता आली पंचाईत. बुलबुलाला केवढा तुरा, हिला कुठे तुरा? पोटात पुन्हा गुडगुड गुडगुड. वा ओठावर आला, परत घशात गेला. शेवटी चिचुंद्रीने डोळे घट्ट मिटले.

"वा. छान आहे हो तुझा तुरा."

वा झाला, बुलबुल सावरीवर गायला. गाणं झालं, सावरीने कापूस दिला. कापूस मिळाला, उंदराने दाणे दिले. दाणे मिळाले, कोंबडीने पीस दिलं. करडं, मऊ मऊ.

चिचुंद्रीने माशी बांधली. दोनच वेढे, एक गाठ. पाण्यात सोडली, चुळुक. पीस वळवळलं, जशी जिवंत माशी. मासा आला, गपकन. ओढला, सटाक.

खेकड्याची लाल माशी वरच तरंगत होती. कडक पीस, बुडेल कसं? खेकड्याचे डोळे तसे बाहेरच असतात, ते आणखी बाहेर आले.

चिचुंद्री त्याच्याकडेच तोंड करून बसली. मासा खाल्ला. सावकाश. मिटक्या मारत.

मासा गेला पोटात, गोष्ट आली ओठात. पुसा बघू आता तोंड.