सकाळची गाऱ्हाणी, दुपारचं कौतुक

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की राजाचं नाव मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, मग मला कुठून असणार? एक राजा होता आणि त्यानं नदीकाठी वसवलेलं एक नगर होतं, एवढं पुरे.

नगर म्हटलं की सगळं आलं. चार वेशी, भरलेला बाजार, वैद्य, पाठशाळा, आणि घराला घर इतकं चिकटून की एकीच्या फोडणीनं तिघींना ठसका लागायचा. खेड्यातून माणसं यायची, "इथं हाताला काम आहे हो," म्हणायची आणि राहायची. महिन्याभरात तीच माणसं कुरकुरायला लागायची. तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो?

राजा भला होता. त्यानं एक रीत पाडली होती. नगर वसलं त्या तिथीला तो चौकातल्या पिंपळाच्या पारावर येऊन बसायचा. सकाळी लोकांनी गाऱ्हाणी सांगायची. मग पंगत. आणि दुपारी नगरातलं काय आवडतं ते सांगायचं. ज्या गाऱ्हाण्याला सर्वांत जास्त माना डोलतील, ते राजा दूर करायचा.

रीत चांगली, पण तिच्यात एक गोम होती. पंगतीला पुरणपोळी असायची! ती खाऊन लोक घरी जाऊन आडवे व्हायचे, आणि राजाही महालात घोरायचा. दुपारी पारावर उरायचा एकटा म्हातारा भालदार. वर्षानुवर्षं नगराचं कौतुक ऐकायला तो एकटाच बसून असायचा आणि सांगायला कुणी फिरकायचं नाही.

या नगरात एक तांबट आळी होती. तांब्याचे हंडे, घागरी ठोकून घडवणारी माणसं तिथं राहायची. सूर्य उगवला की ठण ठण सुरू, मावळला की बंद. आळीच्या पाठीला पाठ लावून शास्त्रीबुवांचं घर होतं. शास्त्रीबुवा मोठे विद्वान, ग्रंथ लिहायला बसलेले. आणि ही ठणठण! बिचाऱ्यांचं डोकं उठायचं.

त्यांची म्हातारी आई होती. सगळे तिला आऊ म्हणायचे. सात वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले होते. तरी रोज सकाळी काठी घेऊन ती एकटी नदीवरच्या देवळात जायची आणि एकटीच परत यायची. कशी? चौकात आली की कान टवकारायची. तांबटांचा ठोका डाव्या कानाला आला की वळायचं, उजव्या कानाशी घणघणला की आपला उंबरा. सून एकदा म्हणाली होती, "आई, सोबत येऊ का?" आऊ म्हणाली, "कशाला गं? अख्खी आळी मला हाका मारत असते." सुनेला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. लेकानं तर कधी विचारलंच नाही.

त्या वर्षीची तिथी आली. पार माणसांनी फुलला.

गवळी म्हणाला, "महाराज, गल्ली एवढीशी. म्हैस आत गेली की वळतच नाही."

बांगड्या विकणारी कासारीण म्हणाली, "आमच्या खेड्यात घराबाहेर पडले की दहा जण विचारायचे, कुठं निघालीस? इथं कुणी विचारत नाही महाराज. जीव कावतो."

तिच्या मागची विणकरीण फणकारली, "अगं बाई, त्या दहा जणांना कंटाळूनच तर मी इथं आले!"

लोक खो खो हसले. मग शास्त्रीबुवा उठले. "महाराज, दिवसभर ठण ठण ठण! एक ओळ धड लिहून होत नाही. या तांबटांना वेशीबाहेर काढा." आणि काय सांगू, भराभरा माना डोलल्या. म्हशीला नाही डोलल्या तेवढ्या याला डोलल्या.

आळीतला वडीलधारा भिकोबा तांबट हात जोडून म्हणाला, "महाराज, तांबं मुकाट्यानं वाकत नाही. ठोकल्याशिवाय हंडा कसा होणार? शास्त्रीबुवांच्या घरचा हंडासुद्धा आमच्याच हातचा आहे."

पण रीत ती रीत. राजानं त्यांना पूर्वेच्या वेशीबाहेर माळावर जागा दिली आणि सांगितलं, उद्या पहाटे निघा.

दुपारी नगर घोरत होतं, तेव्हा आऊ काठी टेकत पारावर आली. "राजा आहे का?"

"झोपलेत, आऊ. मला सांगा," भालदार म्हणाला.

"मला या नगरातला तांबटांचा ठोका फार आवडतो बघ. त्याच्यावरच मी घरी जाते. डोळे गेले तेव्हा वाटलं होतं, आता कोपऱ्यात बसून दिवस काढायचे. या आवाजानं मला रस्ता दिला. एवढं राजाला सांग."

सकाळचा निकाल तिला सांगायला भालदाराची जीभ रेटेना. राजाला झोपेतून उठवायची त्याची हिंमत झाली नाही. संध्याकाळी सांगू म्हणाला आणि ते राहूनच गेलं.

संध्याकाळी शास्त्रीबुवा म्हणाले, "आई, उद्यापासून शांतता! तांबट चालले!"

"सगळेच?"

"सगळेच!"

लेकाचा इतका आनंदी आवाज तिनं वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. ओठांवर आलेलं तिनं गिळलं. रोजची वाट आहे, पायांना आठवेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी एका बैठकीत चार पानं लिहिली. जेवणवेळ झाली. आऊ परतली नव्हती. सून देवळात धावली. आऊ केव्हाच निघाली होती. मग शोधाशोध सुरू झाली. कासारीण बांगड्या तशाच टाकून निघाली, विणकरीण तिच्या मागे, गवळ्यानं म्हशी सोडून गल्ल्या पालथ्या घातल्या. काल एकमेकांवर फणफणणारं नगर एका म्हातारीसाठी उन्हातान्हात फिरत होतं. पण आऊ काही सापडेना.

दिवस कलला तसे शास्त्रीबुवा पारावर येऊन मटकन बसले. भालदारानं खाली मान घालून त्यांना आऊचं बोलणं सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंस रे?"

"चुकलंच माझं, बुवा. पण दुपारी पारावर तुम्ही तरी कुठं होतात?"

शास्त्रीबुवा ताडकन उठले. आई ठोका शोधत वेशीबाहेर गेली असणार! तिकडे ओढा, तिकडे कठडे नसलेल्या विहिरी. आणि सूर्य मावळला की तांबट हातोडे खाली ठेवणार. मग ती कशाच्या आधारानं चालणार?

ते धावत सुटले. पागोटं वाटेत पडलं, ते उचलायला थांबले नाहीत.

माळावर पोचले तेव्हा भिकोबा हातोडा ठेवतच होता. आऊ तिथं नव्हती. "थांबू नका!" शास्त्रीबुवा ओरडले. "ठोका, बाबांनो, ठोका! माझी आई वाटेवर आहे!" आणि त्यांनी स्वतःच एक हातोडा उचलला आणि समोरच्या हंड्यावर घाव घालायला सुरुवात केली. वेडेवाकडे घाव, हंड्याचं पार वाटोळं झालं. भिकोबानं पोरांना खूण केली आणि सगळा माळ ठणठणू लागला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शास्त्रीबुवांच्या तळहातांना फोड आले. आणि संधिप्रकाशात काठी टेकत, पायांत काटे मोडलेली, ओढ्याच्या पाण्यानं लुगडं भिजलेली आऊ आली. हाताला लेकाचा खांदा लागला तशी म्हणाली, "आलास होय रे? आज घर जरा लांबच गेलं."

शास्त्रीबुवा हातोडा टाकून रडले. लहान मुलासारखे रडले. मग भिकोबाचे हात धरून म्हणाले, "माझं चुकलं. परत चला."

दुसऱ्या दिवशी राजानं सगळं ऐकलं आणि तो खजील झाला. तांबट आपल्या आळीत परतले. राजानं रीतही उलटी केली. सकाळी उपाशीपोटी कौतुक, आणि पंगत झाल्यावर ज्याला उठवेल त्यानं गाऱ्हाणं सांगायचं. गाऱ्हाणी पुष्कळ कमी झाली म्हणतात.

शास्त्रीबुवांचा ग्रंथ पुरा झाला की नाही, मला माहीत नाही. पण दिवसा कधी ठोका थांबला, की ते लेखणी ठेवून दारात येत आणि आई घरात आहे ना, ते बघून जात.

तात्पर्य: आपल्याला टोचणारी गोष्ट दूर करण्याआधी, तिच्या आधारानं कोण चालतंय ते विचारावं.