झेंडूमाईच्या पहिल्या फुलाची कहाणी

ऐक झेंडूमाई, तुझी कहाणी. नदीकाठी आटपाट गाव, गावाबाहेर माळ्याचा मळा. मळ्यात एक माळीण राहायची, तिचं नाव भागीरथा. तिला एकच लेक, पाच वर्षांची चिमी. नवसाची पोर, आईचा जीव की प्राण.

भागीरथाची सासू मरताना म्हणाली, "भागे, मळ्यातलं पहिलं झेंडूचं फूल माईचं. ते तोडू नये, माळू नये, देवालाही वाहू नये. झाडावरच वाळू द्यावं, त्याचं बी धरावं, पुढच्या साली पेरावं. हा आपला वसा." भागीरथा म्हणाली, "बरं." बरं म्हणायला काय जातं!

मग भादवा सरता सरता पहिलं फूल उमललं. वाटीएवढं, पिवळंधमक. चिमीनं हट्ट धरला, "मला तेच हवं." भागीरथानं फूल तोडलं, लेकीच्या वेणीत खोचलं, कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, म्हणाली, "अश्शीच राहा गं माझी बाय!" हसू नका, आपण सगळ्याच म्हणतो तसं. पण हिनं माईचं फूल माळून म्हटलं.

मग काय झालं? सांज झाली, फूल सुकेना. आठवडा झाला, फूल सुकेना. काढू जावं तर निघेना. ओढलं की चिमी किंचाळे, जणू बोटच उपटतंय कुणी. तिचा पुढचा दात हलत होता, तो पडेना. नखं वाढेनात, भूक लागेना, झोप येईना. अंगणात उभी राहायची ती राहायचीच, पापणी म्हणून लवायची नाही. एक दसरा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मैत्रिणी घागरी घेऊन पाण्याला जाऊ लागल्या, चिमी आपली तेवढीच. मळ्यात झेंडू फुले, पण वाळलं फूल चुरावं तर आत बी नाही. दर साली शेजारून बी मागून आणावं लागे.

मग एके दिवशी भर उन्हात दारी म्हातारी आली. पिवळं लुगडं, आणि सावली पडत नव्हती. म्हणाली, "बाई, माझं फूल कुठाय?" भागीरथानं ओळखलं, पाय धरले. "माई, चुकले. माझी लेक मला दे."

"लेक तुझ्याच घरात आहे. तूच तिला धरून ठेवलीस. आता तीन दुपारी तिला झेंडूच्या वाफ्यात बसव, आपण उंबऱ्यावर बस. काहीही ऐकू येवो, ओ देऊ नको, उठू नको. उठलीस, तर ते फूल कधीच सुकायचं नाही." एवढं बोलली नि दिसेनाशी झाली.

पहिल्या दुपारी चिमी म्हणाली, "आई, ऊन लागतंय गं." भागीरथानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दुसऱ्या दुपारी चिमीच्या तोंडून मेलेली सासू बोलली, "भागे, पोर जळतीये, ऊठ!" भागीरथानं दोन्ही हातांनी उंबरा धरला. तिसऱ्या दुपारी हाकच येईना. वाफ्यात पोर दिसेना. वारा पडलेला, आणि झेंडू एकटा डोलतोय. बायांनो, हाका सोसवतात, हे गप्प राहणं नाही सोसवत. तरी ती उठली नाही.

मग ऊन उतरलं. चिमी आपल्या पायांनी चालत आली. वेणीतलं फूल वाळून कोळ झालेलं, हात लावताच ओंजळीत काळं बी सांडलं. पाठोपाठ दात पडला, ओठावर रक्त आलं, पोरीनं भोकाड पसरलं, "आई, भूक!" भागीरथानं दूधभात कालवला, भरवता भरवता आपणही रडली.

मग तिनं वसा धरला, पुन्हा टाकला नाही. चिमी भराभरा वाढली, परकर आखूड झाले, आईच्या खांद्याला लागली. पुढं तिचं लग्न झालं. सासरी निघाली, वेशीपाशी वळून पाहू लागली. भागीरथाच्या ओठांवर आलं, "थांब." तिनं ते गिळलं, आणि म्हणाली, "जा गं बाई. मोठी हो."

झेंडूमाई तिला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली. ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीची संपूर्ण होवो.