मुकादमाचा उजवा पाय

डोंगरावरच्या देवळाला अजून घंटाही लागली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. देऊळ प्रभू येशूचं, आणि गावचा मुकादम स्वतःला प्रभूच्या घरातलाच समजे.

कुणाच्या पायात काटा मोडला की तो हसून म्हणे, "ज्याची प्रार्थना खरी, त्याला काटा बोचत नाही!" लंगड्या म्हाताऱ्या सुईणीलाही त्याने हेच ऐकवलं होतं. काटे काढण्यात मात्र तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

एकदा बाभळीचा काटा मुकादमाच्याच उजव्या टाचेत मोडला. आता सांगणार कुणाला? तो गप्प राहिला आणि काट्याचा नायटा झाला. टाच पिकली, सूज गुडघ्यापर्यंत चढली. पाय जाणार हे त्याला कळून चुकलं, तरी टाच फडक्यात गुंडाळून, दातओठ खात तो ताठच चालायचा.

पवित्र गुरुवार उजाडला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाद्रीबाबा या दिवशी बारा जणांचा उजवा पाय धुऊन त्याचं चुंबन घेत. पहिला मान मुकादमाचा. त्याने वजरीने घासून चकचकीत केलेला डावा पाय पुढे केला.

"उजवा दे, बाळा."

"डावाही माझाच आहे की, पाद्रीबाबा!"

लोक हसले. पाद्रीबाबा हसले नाहीत. "जो लपवलास, त्याच्यासाठीच मी खाली बसलोय. तो देणार नसशील, तर तुला द्यायला माझ्याकडे काही नाही."

मुकादमाने हळूहळू उजवा पाय पुढे केला. "फडकं तुम्हीच सोडा," तो कसाबसा म्हणाला, "माझ्याच्यानं सुटत नाही."

फडकं सुटलं आणि बायांनी पदर नाकाला लावले. हा पाय, आणि मुकादमाचा? पाद्रीबाबांनी तो पाय धुतला, आणि त्या सडक्या टाचेवर ओठ टेकले.

मुकादम मुळापासून हादरला. चांगल्या पायाला मान मिळतो, एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. तो ओक्साबोक्शी रडू लागला.

तेवढ्यात सुईण सुई घेऊन लंगडत पुढे आली. "हलू नको रे, लेका," ती म्हणाली, आणि काटा निघाला.

पाय वाचला, पण चाल लंगडीच राहिली. पुढे गावात कुणालाही काटा मोडला की सुईणीला बोलवायला मुकादमच लंगडत धावायचा.

लेकरांनो, आणि लेकरांच्या आजोबांनो, देवाची कृपा औषधासारखी असते: जखम पुढे करावी, तेव्हाच ती लागू पडते.