बापूलाल वस्तादांचं लिंबू

"...पण माझ्याच गुडघ्याला का, वस्ताद?"

इंद्रजितने हा प्रश्न दुपारपासून पुन्हा पुन्हा विचारला होता आणि बापूलाल वस्ताद लिंबं पिळत होते.

समोर आखाड्याची लाल माती उकरून ठेवली होती. तिच्यात ताक पडलं होतं, हळद पडली होती, आता लिंबांची पाळी होती. पाटीभर लिंबं आणि माणूस एकटा, त्यामुळे उत्तराची त्यांना घाई नव्हती.

इंद्रजित मोरबाळे म्हणजे पेठेचं नाक. लहानपणी याच मातीत लोळायचा. कुस्तीत काही जमेना, तेव्हा वस्तादांनीच कान धरून त्याला तालमीच्या फुटबॉल संघात ढकलला. तिथं पोरगा असा खुलला की बघता बघता गोव्याच्या मोठ्या क्लबात मधल्या फळीत खेळू लागला. टीव्हीवर दिसला. पेठेत फलक लागले.

आणि तिसऱ्या हंगामात, कुणी धक्कासुद्धा दिला नसताना, नुसता वळताना त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, ते बिघडलं म्हणून दुसरं झालं. क्लबने आधी फुलं पाठवली, मग करार संपल्याचं कळवलं.

वय चोवीस. या वयात माणसं नोकरीला लागतात, हा निवृत्त होऊन बसला होता.

रविवारी तालमीच्या फुटबॉल संघाचा अंतिम सामना होता. जुन्या क्लबचा माणूस बघायला येणार, अशी कुणीतरी आवई उठवली होती. इंद्रजितला इंजेक्शन घेऊन तेवढा एक सामना खेळायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या गुडघ्यावर पुन्हा खेळलास तर जन्मभर काठी धरून चालशील. आईचं रडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी ती म्हणाली, वस्ताद हो म्हणाले तर जा.

म्हणून तो आला होता. त्याला एक हो हवा होता, बाकी काही नको होतं.

"खेळू का, वस्ताद?"

"खेळ की."

"म्हणजे आईला सांगू, तुम्ही हो म्हणालाय?"

"मी कुठं म्हणालो?"

"मग नको खेळू?"

"नगं खेळू."

इंद्रजितने कपाळावर हात मारला. भिंतीशी बोललेलं बरं, असं त्याला वाटलं. भिंत निदान गप्प तरी बसते.

मग तो भडाभडा बोलत सुटला. त्याला सगळ्यांचा वीट आला होता. जो येतो तो सांगतो, देवाच्या मनात असेल तसं होतं. देवाला मधली फळी कळते का? कुणी म्हणतं, आयुष्य केवढं मोठं पडलंय. तेच तर दुखणं होतं. एवढ्या मोठ्या आयुष्याचं करायचं काय? परवा तालमीचे लोक येऊन म्हणाले, बारक्या पोरांना शिकव. मी काय पोरं राखायला परत आलोय, म्हणून त्याने त्यांना वाटेला लावलं होतं.

ती बारकी पोरं आत्ताही बाहेर पटांगणात ओरडत होती. मधूनच चेंडू तालमीच्या भिंतीवर धाडकन आदळायचा आणि इंद्रजितच्या तोंडाला कडू चव यायची.

बोलता बोलता तो सारखा मागे वळून बघत होता. मागच्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो होता, क्लबच्या जर्सीतला, चेंडू पायाशी असलेला. कुणा उत्साही माणसाने त्याला चंदनाचा हार घातला होता. असा हार जिवंत माणसाच्या फोटोला घालत नाहीत, हे पेठेत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"इंद्रा, घे."

लिंबू त्याच्या छातीवर आपटलं आणि मातीत पडलं. तो फोटो बघत होता.

"सांगून तरी टाका," तो चिडून म्हणाला.

"सांगितलं की. तू तिकडं बगत हुतास."

वस्तादांनी दुसरं लिंबू कापलं, पिळलं, साल बाजूला टाकली.

"टीवीवर बगायचो तुला," ते म्हणाले. "चेंडू याच्या आदी मान फिरवून मागं बगायचास. ते कशापायी?"

इंद्रजितला हसावं की रडावं कळेना. गुडघ्याचं विचारायला आलो आणि हे मानेचं काढून बसले. पण विषय खेळाचा होता, आणि कित्येक महिन्यांत कुणी त्याला खेळाबद्दल विचारलं नव्हतं, सगळे गुडघ्याबद्दलच विचारत. जीभ आपोआप सैल झाली. मधल्या फळीतल्या माणसाला चौफेर माणसं असतात, त्याने सांगितलं. चेंडू पायाशी आल्यावर बघायला वेळ मिळत नाही. म्हणून आधीच मागं बघून ठेवायचं. मागचं ठाऊक असलं की पुढं कुणाला द्यायचा ते ठरवता येतं.

"आन् बगायचं किती येळ?"

"किती वेळ म्हणजे... नुसती नजर टाकायची. बघत बसलं तर चेंडू निघून जातो..."

तो थांबला.

बाहेर चेंडू भिंतीवर आदळला.

"हे वेगळं आहे, वस्ताद."

"आसंल."

"तुम्हाला नाही कळायचं. माझं सगळं गेलंय."

"व्हय. गेलंय."

एवढ्या महिन्यांत असं सरळ कुणी म्हणालं नव्हतं. इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्याला भयंकर राग आला. तो उठून उभा राहिला. हो की नाही, तेवढं सांगा, म्हणाला. आई वाट बघत्या.

पाटीत शेवटचं लिंबू उरलं होतं. वस्तादांनी ते उचललं, हात मागे नेला...

इंद्रजितची मान आपसूक वळली. भिंत दिसली, फोटो दिसला, हार दिसला, आणि मान पुन्हा समोर आली. लिंबू जमिनीलगत घरंगळत येत होतं. धडधाकट पाय आपणहून पुढे झाला. लिंबू तळव्याखाली आलं आणि जागच्या जागी थांबलं.

बाहेर पोरं कुणाच्या तरी नावाने ओरडून चेंडू मागत होती.

तो पायाखालच्या लिंबाकडे बघत राहिला. मग त्याने वर पाहिलं.

वस्ताद हात पुसत होते.

"हं," ते म्हणाले. "आता कुणाला देतोस?"