विरजणाला ऊब

“आतडं कापलं, गाठ निघाली. मग लिव्हरचा इथं काय संबंध, म्हाराज?”

हैबती आवटेने मठाच्या ओट्यावर टेकायच्या आधीच हा प्रश्न टाकला. नमस्कार राहिला तो राहिलाच.

हैबती म्हणजे तालुक्यात दह्याचं आणि चक्क्याचं नाव. त्याने लावलेलं दही सुरीने कापावं इतकं घट्ट, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. पावसाळ्यात त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ सापडली. दिवाळीच्या आत ऑपरेशन झालं, माणूस वाचला. वाचला आणि पुन्हा बाटलीला लागला. आता तिला तो अशक्तपणावरचं औषध म्हणत होता.

निरंजननाथ महाराज धुनीपाशी बसले होते. वय झालेलं, बोलणं मोजकं. मी शेजारीच बसलो होतो.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणले, आतड्याचं रगत आधी लिव्हरात जातं. गाठीचे बारीक कण त्यासंगं तिथं गेले असतील, नसतीलबी. एवढे बारीक दिसत न्हाईत. फोटोत लिव्हर साफ हाय. पण दारू बंद. दारूनं लिव्हर बिघडलं की त्या कणांना तिथं घर करायला सोपं जातं म्हणं.”

“मग?”

“मग काय? जिथं रोग न्हाईच, तिथली काळजी आत्तापासून कशाला? निघालं काय तर सोडीन की. तवर तुम्ही अंगारा द्या. रोज पोटाला लावतो.”



मला विचाराल तर तिथेच त्याला वाटेला लावायला हवं होतं. महाराजांनी मात्र सकाळच्या गार दुधाचं मातीचं भांडं पुढे ओढलं. वाटीतलं विरजण बोटाने त्यात सोडलं. भांडं उचललं आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत नेऊन ठेवलं.

हैबतीला राहवेना.

“हे काय केलंत?”

“दही लावलं.”

“असं? थंडीचे दिवस, दूध गार, त्यात वल्ल्या वाळूत? ह्याचं दही व्हायचं न्हाई.”

“विरजण तर घातलंय.”

“विरजणाचं काय हो! ते बोटभर पुरतं. खरं काम उबेचं. ऊब न्हाई तर विरजण नुसतं पडून ऱ्हातं. झालंच दही तर कधीतरी.”

“आणि ऊब दिली तर?”

हैबती हसला. आता तोच गुरू झाला होता. त्याने भांडं उचलून आणलं आणि धुनीच्या कडेला कोमट राखेत टेकवलं. वर झाकण ठेवलं. मग खांद्यावरचं आपलं घोंगडं काढलं आणि भांड्याभोवती नीट गुंडाळलं, कुठे फट राहू दिली नाही. काम खरंच सुबक होतं, ते नाकारता येणार नाही.

“आता आत काय चाललंय ते कुणालाबी दिसायचं न्हाई. पण सकाळी उघडा, समदं भांडं लागलेलं. मग त्याचं पुन्हा दूध कुणाच्या बापाला करता यायचं न्हाई.”

“नक्की?”

“हयात गेली ह्यात माझी.”

महाराज उठले. हैबतीच्या जवळ आले आणि त्याच्या उजव्या बरगडीच्या खाली सदऱ्यावर तळहात ठेवला.

हात तिथेच राहिला…

“शेवटची कधी घेतलीस?”

“आत्ता… खाली वडापाशी. दोनच घोट.”

“काल?”

“घेतली.”

“दवाखान्यातून आल्यापासून?”

हैबतीने मान खाली घातली. “रोजच.”

 महाराज हात काढेनात.

हैबतीने घोंगड्यात गुंडाळलेल्या भांड्याकडे पाहिलं. मग आपल्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं. परत भांड्याकडे…

तोंडाचा रंगच उडाला. तो भांड्यापाशी खाली बसला.  मी त्याला पुष्कळ वर्षं पाहत आलोय, पण इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. ऑपरेशनला नेतानासुद्धा तो थट्टा करत गेला होता.

“म्हाराज…”

“हं.”

“माझ्यात विरजण पडलं असंल का हो?”

“मला काय ठाऊक?”

“डॉक्टरला तरी?”

“तूच सांगितलंस ना, दिसत नाही म्हणून.”

धुनीतलं लाकूड जरा सरकलं. हैबती त्या आवाजाने दचकला. कोमट राखेत भांडं तसंच होतं, घोंगड्यात गच्च.

“मग आता मी काय करू? अंगारा तरी द्या…”

त्याने दोन्ही हात पुढे केले. 

महाराजांनी राखेकडे पाहिलंही नाही.

“आधी ते घोंगडं काढ.”