मेलेल्या वाघाचा मान

संस्थानं होती आणि रान गावाच्या कुंपणापर्यंत यायचं, त्या काळची ही गोष्ट.

शिकारीला आलेल्या रावसाहेबांनी मचाणावरून बार टाकला. वाघ डरकाळी फोडून गवतात शिरला आणि मग सगळं चिडीचूप झालं.

"मेला! काढा बाहेर," त्यांनी रान उठवायला आणलेल्या खालच्या चौघा हाकाऱ्यांना फर्मावलं.

त्यांत लखमा सगळ्यांत पुढे होता. जखमी वाघ गप्प होतो तो दबा धरायला, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक; पण सरकारांपुढे बोलणार कोण?

भाकरी घेऊन आलेली लखमाची बायको गिरजा एरवी पाचोळा वाजला तरी दचकायची. आत्ता मात्र ती डोक्यावरच्या टोपलीसकट पुढे झाली.

"सरकार, वाघ नक्की मेलाय ना?"

"माझी गोळी आहे ती, बाई!"

"मग आमच्या माणसांनी त्याला आधी कसं शिवायचं? मेल्या वाघाच्या मिशीला पहिला हात शिकाऱ्याचा, ही रानाची रीत. लखमाचा हात आधी लागला, तर लोक म्हणतील वाघ लखमानंच मारला. तुम्ही पुढं व्हा, मागनं आमची माणसं त्याला नाचवत आणतील."

रावसाहेबांनी गवताकडे पाहिलं आणि बंदूक जवळ ओढली.

"तशी... धुगधुगी असेल अजून."

"मग तुम्ही उतरू नका," गिरजा म्हणाली, "आणि आम्हा सगळ्यांनाही वर घ्या. मचाण मोठं आहे."

त्या दिवशी हाकारे रावसाहेबांच्या मांडीला मांडी लावून बसले, असं म्हातारी माणसं अजून हसून सांगतात. उन्हं कलल्यावर गवत हललं आणि वाघ गुरगुरत बाहेर आला, तेव्हा खाली कुणीच नव्हतं.