मुरलीधरची स्वतःची गाडी

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव वाढत वाढत इतकं मोठं झालं होतं की भोळ्या माणसालाही तिथे फोनवरून काम मिळू लागलं होतं. त्याचं नाव मुरलीधर. लोकांनी फोनवरून मागवलेलं जेवण खानावळीतून उचलायचं आणि घरोघर पोचवायचं, हे त्याचं काम. पत्ता तो कधी चुकत नसे. एकदा सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. सगळी अडचण तिथेच होती.

गाडी त्याची नव्हती. बबनशेठची जुनी स्कूटर त्यानं रोजच्या भाड्यानं घेतली होती. दिवसभर हिंडून जे हाती येई, त्यातलं निम्मं संध्याकाळी बबनशेठकडे जाई. एक दिवस बबनशेठ म्हणाला, "मुरल्या, पाडव्यापासून भाडं दुप्पट."

"मग मला काय उरेल शेठ?"

"अनुभव उरेल," बबनशेठ म्हणाला.

मुरलीधर घरी आला आणि बायकोला म्हणाला, "उज्ज्वला, पाडव्यापासून आपल्याला अनुभव उरणार आहे."

उज्ज्वला शिवणाच्या मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिनं मशीन थांबवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "अहो, बँकेत जा. कर्ज मागा. पाडव्याच्या आत आपली स्वतःची गाडी आली पाहिजे, नाहीतर चूल बंद. आणि हे बघा, विचारतील ते खरं खरं सांगा."

मुरलीधरनं लक्षात ठेवलं.

बँकेत ढमढेरे मॅडम साहेब होत्या. त्यांनी विचारलं, "नोकरी कुठे?"

"नोकरी नाही. भागीदारी आहे."

यात खोटं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी कंपनीनं त्याला फोनवर कळवलं होतं, तुम्ही आमचे नोकर नाही, भागीदार आहात. मॅडमनी कंपनीचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मॅडम सावरून बसल्या. एवढ्या मोठ्या कंपनीचा भागीदार त्या बँकेत कधी आला नव्हता. त्यांनी चहा सांगितला.

"मग भागीदारीचे कागद? ताळेबंद?"

"ते मोठ्या कचेरीत असतील."

"आणि कर्ज कशासाठी हवंय? नवीन शाखा?"

"नवीन स्कूटर. आत्ता आहे ती भाड्याची आहे. उतारावर बरी चालते."

चहा आला. मॅडमनी तो स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "अहो, पगाराची चिठ्ठी नाही, कागद नाही, नुसतं तोंडी सांगून कसं चालेल? काहीही असो, आधी लिहून घ्यायचं, खाली सही घ्यायची, मगच पुढचं पाऊल."

मुरलीधरनं लक्षात ठेवलं.

दुपारी तो एका घरी मिसळ घेऊन गेला. दार उघडणाऱ्या माणसानं पिशवीला हात लावला आणि म्हणाला, "वा, मस्त गरम आहे."

"तोंडी चालत नाही," मुरलीधर म्हणाला. "लिहून द्या."

"काय लिहू?"

"मिसळ मिळाली. गरम आहे. खाली सही."

त्या माणसाला फार भूक लागली होती, म्हणून त्यानं वाद घातला नाही. आत जाऊन पेन शोधलं. पेन चालेना, दुसरं शोधलं. लिहून आणलं. मुरलीधरनं पिशवीला हात लावून पाहिला.

"हे खोटं आहे," तो म्हणाला. "'गरम होती' असं लिहा. आणि जिथे खोडाल तिथे सही करा."

तक्रार झाली. कंपनीतून फोन आला. पलीकडची बाई गोड आवाजात रागावली, "ग्राहकाला थांबवून ठेवायचं नाही. वस्तू दाराशी ठेवायची, बेल वाजवायची आणि निघायचं. एक शब्द बोलायचा नाही."

मुरलीधरनं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं शिवणातून साठवलेले पैसे रुमालात बांधले. "अहो, हे आपल्या खात्यात भरा. खात्यात काही दिसलं तर मॅडम विचार करतील."

मुरलीधरनं रुमाल बँकेच्या दाराशी ठेवला. बेल शोधली. बँकेला बेल नव्हती. मग त्यानं स्कूटरचा हॉर्न वाजवला आणि निघाला.

वॉचमन रुमाल घेऊन चौकापर्यंत त्याच्यामागे पळत आला. त्यानं मुरलीधरला मॅडमसमोर उभं केलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अहो, पैसे असे दारात ठेवतात? कोणीही येऊन उचलेल. समोरचा माणूस कोण आहे याची खात्री झाल्याशिवाय हातातली वस्तू सोडायची नसते. आधार कार्ड बघायचं, पत्त्याचा पुरावा बघायचा, फोटो घ्यायचा. मगच."

मुरलीधरनं लक्षात ठेवलं.

त्याच दिवशी पाठक गुरुजींचं जेवण आलं. गुरुजींनी मुरलीधरला चौथीत शिकवलं होतं. गेल्या वर्षापासून ते घरी एकटेच होते आणि एक वेळचं खानावळीतून मागवत. त्यांनी दार उघडलं आणि हात पुढे केला. मुरलीधरनं डबा मागे घेतला.

"आधार कार्ड?"

"अरे मुरली, मी पाठक गुरुजी."

"असाल गुरुजी. पण बघावं लागतं."

गुरुजींनी मुरलीधरला चौथीत दोनदा शिकवलं होतं. त्यामुळे ते मुकाट्यानं आत गेले. आधार कार्ड आणलं. विजेचं बिल आणलं. फोटो मात्र सापडेना. शेवटी भिंतीवरचा काढून आणला. त्यात गुरुजी होते आणि शेजारी त्यांची पत्नी होती.

मुरलीधरनं फोटो नीट पाहिला. "गुरुजी, यात दोघं आहेत. डबा तर एकाचाच आलाय."

गुरुजींनी फोटो परत हातात घेतला. मग धोतराच्या सोग्यानं फोटोची काच पुसली आणि म्हणाले, "खरं आहे तुझं. उद्यापासून दोघांचा आण. तू बसत जा माझ्याबरोबर."

त्या दिवशीचा डबा त्यांनी मुरलीधरबरोबर वाटून खाल्ला. जेवताना म्हणाले, "हे बघ मुरली, ओळखीच्या माणसाकडे कागद मागत बसू नये. सरळ आत यावं, बसावं, दोन घास खावेत. माणसाला बरं वाटतं."

मुरलीधरनं लक्षात ठेवलं.

ढमढेरे मॅडम आता ओळखीच्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेला, बसला आणि टेबलावरचा डबा उघडला. मॅडम हात धुऊन आल्या तेव्हा वांग्याची भाजी संपली होती.

"हे काय?"

"दोन घास," मुरलीधर म्हणाला. "मीठ जरा कमी आहे. बरं वाटतंय ना?"

मॅडमनी उरलेली पोळी लोणच्याशी खाल्ली. भुकेलेल्या माणसाला येतो तेवढा राग त्यांना आला होता, तरी त्या नीट बोलल्या. "मुरलीधर, तुम्ही माणूस वाईट नाही. पण तुमच्याकडे किती येतं, किती जातं, हे बँकेला दिसायला नको का? आजपासून एक करा. जे हातात येईल ते आधी बँकेत जमा करायचं. इकडे तिकडे जायचंच नाही. आधी बँक."

मुरलीधरनं लक्षात ठेवलं.

पुढची ऑर्डर एका बारशाच्या घरची होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि पातेलंभर बासुंदी. हातात आली तशी ती घेऊन तो बँकेत गेला आणि रांगेत उभा राहिला. पैसे भरायची स्लिप त्यानं सुवाच्य अक्षरात भरली. रकमेच्या जागी लिहिलं, बासुंदी.

कॅशियरनं स्लिप वाचली. पातेल्याकडे पाहिलं. "हे कोणत्या खात्यात?"

"बचत."

"हे बचत होत नाही हो. संध्याकाळपर्यंत नासेल."

"मग व्याज लवकर द्या."

रांगेतली माणसं पुढे सरकून वास घेऊ लागली. तेवढ्यात मुरलीधरचा फोन वाजू लागला. बारशाच्या घरचे लोक होते. तो बासुंदी सोडून फोन घ्यायला तयार नव्हता, म्हणून मॅडमनीच फोन घेतला, बारशाच्या आजीची बोलणी खाल्ली आणि बासुंदी निघाली आहे असं सांगितलं. फोन परत देताना त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"हे काय आहे?"

"माझं काम. रोज किती फेऱ्या, किती मिळाले, सगळं यात असतं."

मॅडमनी बोट वर सरकवलं. आणखी सरकवलं. पडदा सरकत राहिला. दोन वर्षांत एक आठवडा सोडला तर खाडा नव्हता.

"हा आठवडा का मोकळा?"

"आई गेली तेव्हाचा."

मॅडमनी मान हलवली आणि हळूच विचारलं, "अहो, मग हे पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंत?"

"तुम्ही पगाराची चिठ्ठी मागितलीत. हा पगार नाही. कंपनी म्हणते, पगार नोकराला असतो."

मॅडमनी त्या सगळ्याचे कागद काढून वरच्या ऑफिसला पाठवले. सोबत स्वतःचं पत्र जोडलं की ज्यांना पगाराची चिठ्ठी नसते त्यांची कमाई अशीही पाहता येते, कृपया पाहावी. वरच्यांनी पाहिली. जामीन मागितला. पाठक गुरुजी काठी टेकत आले आणि सही करून गेले. गाडीच्या किमतीतला थोडा भाग मात्र आधी स्वतःचा भरायचा होता. रुमालातले पैसे धरूनही तो पुरा होईना. तेव्हा उज्ज्वलानं कानातली सोन्याची फुलं काढून त्याच्या हातावर ठेवली. "जा, हे तारण ठेवा. पण रस्त्यात कोणाच्या दाराशी ठेवू नका."

फुलं बँकेच्या तिजोरीत गेली. चार दिवसांनी मेहुणीचा साखरपुडा होता. मुरलीधर बँकेत जाऊन म्हणाला, "मॅडम, फुलं दोन तासांसाठी द्या. बायकोचे कान मोकळे दिसतात."

"असं नसतं हो," मॅडम म्हणाल्या. "तारण ठेवलेली वस्तू कर्ज फिटेपर्यंत बँकेत राहते. घरी न्यायची नाही, वापरायची नाही. शेवटचा हप्ता भरला की परत."

मुरलीधरनं लक्षात ठेवलं.

पाडवा उजाडला. नवी कोरी निळी स्कूटर आली. सुट्टी असूनही मॅडम किल्ल्या द्यायला बँकेत आल्या होत्या. किल्ली हातात देताना त्यांनी सांगितलं, "अभिनंदन. कागदावर बँकेचं नाव आहे बरं का. कर्ज फिटेपर्यंत ही गाडी बँकेकडे तारण."

"तारण?" मुरलीधरनं विचारलं.

"हो, तारण," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

उज्ज्वलानं गाडीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. गुरुजींनी पेढे वाटले. मोकळ्या कानांची उज्ज्वला दारात उभी राहिली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली. तिनं त्या दिवशी कितीतरी दिवसांनी गोडाचा स्वयंपाक केला.

संध्याकाळी दारात ओळखीची खडखड झाली. मुरलीधर बबनशेठच्या जुन्या स्कूटरवरून उतरला.

"अहो, आपली गाडी कुठाय?"

"बँकेत," मुरलीधर म्हणाला. "तारण आहे ना. तिजोरीत जाईना, मग दाराशी ठेवली. हॉर्न वाजवला. वॉचमन ओळखीचा, त्याच्याकडे काही कागद मागितले नाहीत. आत जाऊन बसलो, त्याच्या डब्यातले दोन घास खाल्ले. पण बँकेत तोंडी चालत नाही, म्हणून किल्ली मिळाल्याचं त्याच्याकडून लिहून घेतलं. सही पण आहे."

यातली एकही गोष्ट तो विसरला नव्हता. उज्ज्वला उंबऱ्यावर बसली.

"आणि ही?"

"ही बबनशेठची. भाडं दुप्पट झालंय. पण हप्ता भरायचा तर काम करायला हवं, आणि काम करायचं तर गाडी हवी."

"अहो, मग आपली गाडी कधी येणार?"

"शेवटचा हप्ता भरला की." मुरलीधर तिच्याशेजारी बसला आणि तिची समजूत घालत म्हणाला, "तू अजिबात काळजी करू नकोस. मी वॉचमनला बजावून आलोय, गाडीला कोणी हात लावायचा नाही. मलासुद्धा लावू द्यायचा नाही. तीन वर्षांनी आणू ना, तेव्हा अगदी आत्ता शोरूममधून आणल्यासारखी असेल."